पिंजलेला कापूस आणि आमचे केस

आमच्या घराण्यातल्या बायकांचे केस पातळ आहेत. नानीचे होते, अम्मीचे आहेत, आम्हा तिघी बहिणींचे आहेत आणि आता आमच्या मुलींचेही तसेच. पातळ, पण सरळ नाहीत, आणि पुरते कुरळेही नाहीत. ओले असताना छान लाटा पडतात, वाळल्यावर कंगवा फिरवला की सगळे विस्कटते. घरात यावर दोनच उपाय माहीत होते. अम्मीच्या काळात वाटीभर तेल थापून घट्ट वेणी, आणि आमच्या मुलींच्या काळात पार्लरमध्ये जाऊन केसांना इस्त्री. दोन्ही उपायांनी केस डोक्याला चापून बसतात आणि मुळात पातळ असलेले आणखी पातळ दिसतात. वेणीचे शेवटचे टोक तर उंदराच्या शेपटीएवढे उरते.

आम्ही राहतो कॉटन ग्रीनला. नावातच कापूस आहे. पूर्वी कुलाब्याला भरणारा कापसाचा बाजार पुढे इकडे, बंदराच्या भरणी करून काढलेल्या जमिनीवर आला आणि स्टेशनचे नाव त्यावरून पडले. कापसाचा व्यापार आता इथे पूर्वीसारखा राहिलेला नाही, गोदामांच्या रांगा मात्र दिसतात. आमच्या लहानपणी गल्लीत पिंजारी यायचा. पिंजारी, नदाफ, मन्सुरी ही आपल्याच समाजातली कष्टकरी माणसे. वर्षभर अंगाखाली दाबून दगड झालेली गादी तो उसवायचा, तातीच्या टणत्काराने कापूस पिंजायचा आणि बघता बघता ढीग कमरेएवढा व्हायचा. कापूस तेवढाच, वजन तेवढेच, त्यात त्याने मूठभरही भर घातलेली नसायची. तंतू एकमेकांपासून सुटे झाले, मध्ये हवा शिरली, एवढेच.

पातळ केसांचे गणित हेच आहे. सरळ केस एकावर एक पडून राहतात. वळण असलेला केस शेजारच्याला अंतर देतो, त्यामुळे तेवढ्याच केसांत डोके भरलेले दिसते. ज्यांच्या पातळ केसांना अल्लाहने थोडेसे वळण दिले आहे त्यांच्यापाशी दाटपणा दिसण्याचे साधन आधीच आहे. आपण तेच पैसे देऊन मोडतो.

केसाचे वळण मुळातून येते. त्वचेतली केसाची पिशवी जशी असते तसा केस निघतो, म्हणून वरून कितीही सरळ केला तरी नवा येणारा केस आपल्या वळणाचाच असतो. इस्त्री केल्यावर काय होते? केस ओला झाला की त्याच्या आतले काही कच्चे बंध सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. इस्त्री त्यांना सरळ जुळवते, हवेतला दमटपणा त्यांना पुन्हा सोडवतो. समुद्राच्या कडेला राहणाऱ्या बाईने जुलै महिन्यात केसांना इस्त्री करणे म्हणजे पावसात कपडे वाळत घालणे. हार्बर लाइनची गाडी येईपर्यंत ती उतरलेली असते. रिबॉन्डिंगमध्ये रसायनाने पक्के बंध तोडून सरळ जोडतात. ते परत फिरत नाही, पण महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवा केस येतोच. चार महिन्यांत वर लाटा आणि खाली चपटे दोरे, मग पुन्हा पार्लर.

'केराटिन' किंवा 'स्मूदनिंग' या गोड नावांनी जे चालते त्यातल्या काही द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा पदार्थ माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या यादीत घातला आहे. पार्लरमध्ये डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. आपण दोन तासांनी उठून घरी येतो. तो वायू रोज हुंगत उभ्या राहणाऱ्या मुलीचा विचार कोणी करत नाही.

हे सगळे आम्हाला एरवीही माहीत होते, पण गेल्या वर्षी आमच्या भाचीसाठी स्थळ आले तेव्हा त्याचा खरा कस लागला. आपल्याकडे मुलगी पाहायला आलेल्या बायका आतल्या खोलीत ओढणी बाजूला करायला लावतात, हे काही गुपित नाही. रंग, उंची आणि मग केस. काही जणी वेणी हातात घेऊन वजन केल्यासारखी पाहतात. भाचीला तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता आणि त्यानंतर केस खूप गळाले होते. घरात बैठक बसली. एक खाला म्हणाल्या, स्मूदनिंग करून घ्या, खर्च मी देते. दुसऱ्या म्हणाल्या, नुसते गंगावन लावा, एका तासाचा तर प्रश्न आहे. भाची गप्प बसून होती. तिने एवढेच विचारले, "खाला, निकाहनंतर ते काढून कुठे ठेवायचे?"

गंगावनाची गोष्ट दीनमध्ये स्पष्ट आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे की एका स्त्रीने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन सांगितले, माझ्या मुलीचे लग्न ठरले आहे, आजारात तिचे केस गळाले, तर दुसरे केस जोडू का? प्रेषितांनी मनाई केली. किती जवळची गोष्ट आहे ही! तोच आजार, तेच गळलेले केस, तीच आईची घाई. ह. आयेशा (रजि.) यांनीही स्वतःबद्दल सांगितले आहे की मदिनेला आल्यावर त्या तापाने आजारी पडल्या, केस गळाले आणि मग पुन्हा वाढले. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेक वेळा परत येतात, हे आज कोणताही डॉक्टर सांगतो.

केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा, या आशयाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. मान राखणे म्हणजे धुणे, तेल लावणे, विंचरणे. आणि ह. अनस (रजि.) प्रेषितांच्या केसांचे वर्णन करतात ते असे, की ते फार कुरळेही नव्हते आणि अगदी सरळही नव्हते. आम्ही हे भाचीला वाचून दाखवले. ज्या केसांना आम्ही घरात आयुष्यभर 'ना इकडचे ना तिकडचे' म्हणून हिणवले, त्यांच्याबद्दल ती दोन वाक्ये ऐकून ती पहिल्यांदा हसली.

कापण्यावरून मात्र वाद झाला. लांब केसांचे वजन लाटांना खाली ओढते, म्हणून पातळ केस खांद्याच्या आसपास ठेवले तर ते उचलून येतात. अम्मीला ते पटेना. मुलीचे केस कापायचे म्हणजे तिला कसेसेच वाटत होते. तेव्हा सहीह मुस्लिममधला उल्लेख पुढे आला की प्रेषितांच्या पत्नी आपले केस आखूड करीत. पुरुषांची नक्कल होईल असे नसावे, एवढी अट आलिम सांगतात. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. आम्ही विचारले होते. अम्मी त्या दिवशी काही बोलली नाही, पण कात्री तिनेच काढून दिली.

आता करायचे काय ते सांगतो. धुण्याच्या आधी तास-दोन तास थोडेसे खोबरेल, वाटीभर नव्हे, चमचाभर. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. तिघांपैकी खोबरेलच केसातील प्रथिनांचा ऱ्हास कमी करते असे त्यात दिसले. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच वाचावे, पण आमचा अनुभवही तोच आहे. धुतल्यावर मात्र तेल नको. पातळ केस तेलाने बसतात.

कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या भागाला, आणि तो असतानाच मोठ्या दातांच्या फणीने गुंता सोडवायचा. त्यानंतर कंगवा नाही. कोरडे असताना विंचरले की लाटा मोडतात आणि केस तुटतात. पाणी टिपायला खरखरीत टॉवेल न घेता जुनी सुती ओढणी घ्यावी. डोके खाली वाकवून केस मुठीत धरून खालून वर दाबायचे, चोळायचे नाहीत.

मग जवसाचे जेल. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर ढवळत राहायचे. अंड्याच्या पांढऱ्यासारखे तार सुटू लागले की गरम असतानाच मलमलमधून गाळायचे. थंड झाल्यावर ते गाळले जात नाही, सगळे फडक्यात अडकून बसते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. ओल्या केसांना थोडेसे लावून तसेच मुठीत दाबायचे आणि हात न लावता वाळू द्यायचे. वाळल्यावर केस पापडासारखे कडक होतात. घाबरू नये. हाताला तेलाचा एक थेंब चोळून ते कुस्करले की मोकळे, भरलेले केस हाती येतात. पाण्याने ते धुऊन निघते.

आपल्याला स्कार्फ बांधायचा असतो, म्हणून वेळ महत्त्वाची. सकाळी घाईत धुऊन ओल्या केसांवर बांधले की दिवसभर वास येतो, कोंडा होतो आणि सगळे चपटे होते. असरनंतर धुवावे, झोपेपर्यंत वाळतात. अंबाडा सैल आणि रोज वेगळ्या जागी असावा. शाळेत आम्ही रोज पाहतो, दोन घट्ट वेण्या ओढून बांधलेल्या मुलींच्या कानशिलांवरचे केस दहाव्या वर्षीच विरळ झालेले असतात. ती ओढ वर्षानुवर्षे राहिली तर तिथले केस कायमचे जातात. स्कार्फची पिनही याच कारणाने फार ताणून लावू नये.

पाहुण्या आल्या त्या दिवशी भाचीने एवढेच केले. खांद्यापर्यंतचे लाटांचे केस, भांग थोडा बाजूला. मुलाच्या फुफीने ओढणी सरकवली, केसांना हात लावला आणि विचारले, "बेटा, हे कुठे करून घेतलेस?" भाची म्हणाली, "घरीच. माझेच आहेत." ते स्थळ पुढे जमले नाही. मुलगा नोकरीसाठी मस्कतला निघाला होता आणि त्यांना लगेच निकाह हवा होता, भाचीचे बीएडचे वर्ष बाकी होते. केसांचे नाव कोणी काढले नाही.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. केस पातळ असणे आणि केस कमी होत जाणे हे दोन निराळे विषय आहेत. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे साधारण समजतात. पण भांग रुंद होत चालला, गोल चट्टा पडला, किंवा बाळंतपणानंतरची गळती वर्षभरातही थांबली नाही, तर जवस उकळत बसू नये. आमच्या परिसरातून परळचे केईएम जवळ आहे, तिथे त्वचारोग विभागात दाखवता येते. डॉक्टर बहुधा रक्तातले लोह आणि थायरॉईड तपासायला सांगतात. दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणून खात असाल तर तपासणीआधी तसे सांगा, त्यांच्यामुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. आमच्या धाकटीचा भांग दोन वर्षे रुंद होत होता आणि सगळ्या घराने 'आपले केसच तसे' म्हणून सोडून दिले होते. तपासल्यावर हिमोग्लोबिन आठ निघाले. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत, गळती कमी झाली आहे आणि कपाळाजवळ बारीक नवे केस आले आहेत, वळणाचेच.