दम

आपल्या जिममध्ये आरसे असतात. जुन्या तालमीत आरसा नसायचा, वस्ताद असायचे. जोर मारताना त्यांचं लक्ष दंडापेक्षा श्वासाकडे जास्त. हळद, तेल, ताक, लिंबू घालून माती खणायची, तोही व्यायामच. नुसतं मनगट धरून समोरच्याचा तोल कळायला वर्षं जायची. आणि निकाली कुस्तीला घड्याळ नसलं, की खरा कस लागायचा तो दमाचा न् धीराचा.

मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. तिथे मोजतात ते गुण. आता यात वाईट काय? आमच्या बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे मॅटवरच जिंकला ना! २०१८ ला राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९ ला जागतिक कांस्य, २०२० मध्ये पोलीस उपअधीक्षक. दुष्काळी भागातल्या पोराला हा रस्ता दिसला, तर तो मातीत का थांबेल?

म्हणून पुतण्याला मॅटवरच घाल, असं मी दादाला सांगितलंय. पण रोज पहाटे अर्धा तास माती खणायला लाव, हेही सांगितलंय. आमच्या आयटीतही डॅशबोर्डवर दिसतं तेवढंच काम धरतात. माती खणण्याचे गुण कुणी देत नाही. दम मात्र तिथेच तयार होतो, राव.