सांगलीत उतरलो त्या संध्याकाळी

सकाळी साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत पाय बुडवून निघालो. तिथे वेण्णा तिला मिळते. पाणी गार, काठावर जुन्या दगडी देवळांची गर्दी. मग एसटी, कऱ्हाड, आष्टा, दोन्ही बाजूंना ऊस. सांगली स्टँडवर उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. खोलीत पिशवी टाकली, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर पडलो. राजवाडा, संग्रहालय, हळदीची बाजारपेठ हे सगळं उद्या. आज सकाळचीच नदी इथे कशी दिसते, तेवढंच पाहायचं होतं.

वाटेत गणपती मंदिर लागलं. काळ्या दगडाचं, ऐसपैस. सांजेला बायका-पोरं निवांत बसली होती, मीही टेकलो. हे मंदिर बांधवणारे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनही एके काळी या गावात नवखेच होते. १८०१ मध्ये मिरजेत काका गंगाधररावांशी बिनसलं आणि घरचा गणपती बरोबर घेऊन ते सांगलीला आले. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पण घर सुटलं ते सुटलंच. सांगली तेव्हा नदीकाठचं लहान गाव होतं. देव पालखीतून उतरवून ठेवल्यावर त्या संध्याकाळी त्यांनी काय पाहिलं असेल? माझ्या मते नदीच पाहिली असेल. पुढे त्यांनी गणेशदुर्ग बांधला आणि मंदिराचं काम तर तीसेक वर्षं चाललं. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं तेही आप्पासाहेबांच्याच आश्रयाने. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण त्या प्रयोगापासून मोजतो. रुसून निघालेल्या माणसाने एवढं गाव उभं केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गाड्यावर भडंग घेतलं. कागदाच्या पुडीतले चुरमुरे तिखटाने लालभडक झालेले, मध्ये शेंगदाणे. लसणाची तळलेली पाकळी दाताखाली आली की आधी कुरकुरते आणि मग तिखट टाळूला चढतं. पुडी हातात धरूनच घाटावर आलो.

कृष्णा इथे रुंद आणि संथ. एका बाजूला १९२९ चा आयर्विन पूल, त्याच्या कमानींखाली अंधार साचू लागलेला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "पावणं, कुठलं म्हणायचं?" पुणं म्हटल्यावर ते सरकून बसले.

"पावसाळ्यात या एकदा. आयर्विनला चाळीस फूट झालं की आमची झोप उडती."

चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. "पायऱ्या बुडाल्या असतील," मी म्हणालो.

"पायऱ्यांचं काय घेऊन बसलाय! पेठेत होड्या चालत हुत्या." त्यांनी हात डोक्याच्या वर धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. घरातलं धान्य, अंथरुणं, लेकीच्या लग्नाचे फोटो, सगळं गेलं, म्हणाले. आवाज मात्र चढला नाही.

असल्याच पावसाळी दिवसांत, २४ जुलै १९४३ रोजी, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून पळाले. तुरुंग गणेशदुर्गातच होता. तटावरून खंदकात उड्या टाकून ते नदीच्या दिशेने धावले. पाठलाग झाला, गोळीबार झाला. दादांना गोळी लागली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. दादा पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले, त्यांची समाधी याच काठावर आहे. पण मला त्या दोघांची आठवण जास्त वेळ पुरली. पलीकडचा काठ इथून किती जवळ दिसतो!

पुलावरचे दिवे लागले, पाण्यात त्यांच्या लांब रेघा पडल्या. म्हाताऱ्यांनी चपला घातल्या. "सकाळी हरिपूरला जावा, वारणा मिळती तिथं," म्हणाले. पुडीच्या तळाशी उरलेले शेंगदाणे मी त्यांच्यापुढे केले. त्यांनी दोन उचलले.