पाँच नव्हे, पॉन्च

आजऱ्यात आमच्या घरी दोन भाषा नांदतात. चुलीपाशी दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी. तिसरी, इंग्रजी, धाकटी शाळेतून घेऊन येते. एका संध्याकाळी ती मोठ्यानं शब्द पाठ करत होती, "पॉन्च, पॉन्च." दादीअम्मा तसबीह थांबवून म्हणाल्या, "पाँच के आगे छे बोल ना गे!"

आम्ही पोट धरून हसलो. मग शब्दकोश काढला. पॉन्च म्हणजे पुढं आलेलं पोट. मराठीत ढेरी किंवा दोंद, दादीअम्मांच्या बोलीत तोंद. बहुधा पुरुषांच्याच पोटाला हा शब्द लावतात. दुसरा अर्थ आणखी गमतीचा निघाला: रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं पोट. म्हणजे बकरी ईदला आम्ही घासून घासून धुतो, ती वजडी!

सगळ्यांच्या नजरा अब्बांकडे वळल्या. पोटावरून हात फिरवत ते म्हणाले, "ही खात्यापित्या घरची निशाणी!" आम्हालाही ते पटलं. घनसाळचा भात तिसऱ्यांदा वाढताना कुणी कधी मोजला नव्हता. पोटालाच आम्ही बरकत समजत होतो.

त्याच महिन्यात अब्बांच्या पायाची जखम भरेना. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली, मग पोटाभोवती टेप धरली. 104 सेंटिमीटर. भारतीय पुरुषाची कंबर 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या पुढं गेली की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, असं त्यांनी सांगितलं. पोटाच्या आत, यकृता-आतड्यांभोवती साठणारी चरबी इन्शुलिनचं काम बिघडवते. म्हणून हातपाय काटकुळे असले तरी सुटलेलं पोट धोक्याचंच. घरी येऊन अम्मींनी स्वतःला टेप लावली. 91! शब्द पुरुषांचा असेल, टेप कुणालाच सोडत नाही.

पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी, एक श्वासासाठी, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हदीस पाठ होती. ताटात उतरली नव्हती.

आता भात एकदाच वाढतो. जखम भरल्यापासून अब्बा आणि अम्मी फजरनंतर रामतीर्थाच्या रस्त्यानं चालून येतात. दर जुम्म्याला टेप निघते आणि दादीअम्मा विचारतात, "पाँच कितना कम हुआ रे?"

आजवर तीन सेंटिमीटर.