संगणकाचा वैद्य

आमच्या शेजारचा मुलगा दहावी उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याचे वडील सल्ला विचारण्यास आले होते. मुलास आय.टी.आय.मध्ये संगणक शिकावयाचा होता. आम्ही शिक्षकी तोऱ्यात म्हणालो, “इंजिनियर करा त्याला. दुसऱ्यांची यंत्रे झटकण्यात कसले भवितव्य?” मुलाने आपलेच ऐकले. आज तो बेळगावी एका कचेरीत संगणकांची देखभाल करतो.

गतवर्षी फादरांनी धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी संगणकावर उतरविण्याचे काम आम्हांवर सोपविले. आठ महिने आम्ही नित्य सायंकाळी बसलो. एके दिवशी यंत्र टक् टक् आवाज करून बंद पडले. आम्ही ते पुनःपुन्हा चालू केले, वर रागावलोही. अखेर त्याच तरुणास बोलाविणे भाग पडले.

आवाज कानी पडताच त्याने वीज बंद केली. “गुरुजी, दुसरी प्रत कुठे ठेवलीत?” आम्ही निरुत्तर झालो. तो शांतपणे म्हणाला, “आतली तबकडी बिघडली आहे. चालू करीत राहिल्यास अधिकच खरवडेल. हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. मी हात घातला तर उरलेलेही जाईल.” त्याच्या सांगण्यावरून ती तज्ज्ञांकडे पाठविली. निम्म्याच नोंदी परत मिळाल्या.

या व्यवसायाची विद्या दुर्लभ नाही. दहावीनंतर आय.टी.आय.चा ‘कोपा’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे; तीन वर्षांची पदविका आहे; ‘ए प्लस’ नावाचे, दोन परीक्षांचे प्रमाणपत्र जगभर मान्य आहे. दिवसभर तक्रारी येतात: कोणी पासवर्ड विसरला, कोठे प्रिंटर अडला, कोठे जाळे तुटले. प्रत्येक तक्रार नोंदवावयाची, आधी साधी वायर तपासावयाची, आणि न जमेल ते वरच्या जाणकाराकडे सोपवावयाचे.

परंतु खरी पात्रता निराळीच. नवे यंत्र मांडताना त्याने पासवर्ड आम्हांसच लिहावयास सांगितला आणि स्वतः तोंड फिरविले. धर्मग्रामातील घराघरांची गुपिते ज्या नोंदींत आहेत, त्यांपाशी असाच मनुष्य हवा. आमच्या अज्ञानास तो हसला नाही, आणि आमचा जुना सल्लाही त्याने काढला नाही.

7 सप्टेंबर 2025 रोजी संतपदी चढविलेला कार्लो अक्युतिस पंधराव्या वर्षी, 2006 साली, प्रभूघरी गेला. पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांची माहिती त्याने याच विद्येच्या बळावर जगापुढे मांडली. हातातील यंत्र सेवेचे साधन होऊ शकते, हे त्या कोवळ्या वयात त्याला उमगले. आम्हांस उतारवयात उमगले.

आता आम्ही पुन्हा पहिल्या नोंदीपासून लिहीत आहोत. तरुणाच्या शिकवणीनुसार तीन प्रती ठेवतो: एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या इमारतीत. आईबापांनो, तुमच्या मुलाने हे काम निवडले, तर आमच्यासारखा सल्ला देऊ नका. तो धीराचा व विश्वासू आहे काय, एवढेच पाहा.