करकरणारे चाक आणि तेलाची कुपी

वाचकहो, तुमच्या दारात बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर आमच्यासारखी दुसऱ्याच्या हातची जुनी मोटार असो. चाकाने आवाज केला की तुमचा हात आधी कुठे जातो? खरे सांगा. तेलाच्या कुपीकडेच ना? माझाही तिकडेच गेला होता. आज तीच गोष्ट सांगायला बसलो आहे आणि सांगताना थोडी लाज वाटते, हेही आधीच कबूल करून टाकतो.

आमचे गाव वाईपासून जवळच. घर कॅनॉलच्या रस्त्याखाली आहे. रस्ता सोडला की उतार लागतो आणि तो थेट आमच्या अंगणात येऊन संपतो. २०१७ साली आम्ही २००९ सालची मारुती ८०० घेतली. पोरे पुण्याला, घरात आम्ही दोघे, आबा आणि सुटीला येणारी नात. दवाखाना, बाजार आणि पाचगणीच्या वर भिलारला दिलेल्या बहिणीकडे जाणे, एवढ्यापुरती गाडी. पण भिलारला जायचे म्हणजे पसरणीचा घाट आलाच. चढताना गाडीचे इंजिन दमते आणि उतरताना ब्रेक.

२०१९ च्या पावसाळ्यात रस्त्यांची दैना झाली होती. शेताच्या चिखलातून गाडी नेऊन नेऊन पुढचे डावे चाक बोलू लागले. आधी बारीक, किरकिऱ्या पोराने रडावे तसे. मग ब्रेक दाबला की लांब ‘किर्रर्र’. देवळाच्या पारावर बसलेली माणसे मान वळवून बघत.

आबा ओसरीवर बसलेले. त्यांचे सारे आयुष्य बैलगाडीत गेले. गुळाच्या ढेपा भरून रात्रीची गाडी हाकायचे, साटीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले. ते म्हणाले, “आरं, चाक वंगण मागतंय. जनावरानं हंबरून पाणी मागावं तसं मागतंय. किती दिवस ऐकत बसनार?”

मला पटले. न पटायला काय झाले? पिढ्यान्‌पिढ्या करकरणाऱ्या आखाला आपण वंगणच घालत आलो. पंपासाठी आणलेल्या तेलाची कुपी घेतली, चाकाच्या तव्याला जी भोके असतात त्यांतून नाक घातले आणि आत चकाकणाऱ्या चकतीवर चांगले चार-पाच वेळा पिचकारले. गाडी थोडी पुढेमागे केली. आवाज बंद! आबा हसले, मीही हसलो. हिने तेवढ्यात चहा आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाईहून परत आलो. वाटेत गाडी उजवीकडे ओढते आहे असे वाटले, पण खड्डे चुकवण्याच्या नादात लक्ष दिले नाही. कॅनॉलवरून उतारावर वळलो आणि ब्रेक दाबला. गाडी थांबायची ती थांबेना. डावे चाक तेलाने गुळगुळीत झालेले, ते काही धरेना. उजवे धरी, म्हणून गाडीने तोंड उजवीकडे फिरवले. गोठ्याच्या बाजूला कडब्याची गंजी होती, तिच्यात गाडी बॉनेटपर्यंत घुसली. काच फुटली नाही, कुणाला खरचटले नाही. पण गंजीच्या पलीकडे नात करडाशी खेळत बसली होती. ती उठून आली आणि म्हणाली, “आजोबा, गाडी कडबा खाते का?” मी स्टिअरिंगवरचे हात काढू शकलो नाही. ही धावत आली, नातीला कडेवर घेतले आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

गाडी तशीच उभी ठेवून वाईच्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी चाक काढले, बोट फिरवले, बोटाचा वास घेतला.

“आण्णा, हे तेल कुणी घातलं?”

“मीच.”

“बैलगाडीचं चाक फिरावं म्हणून वंगण घालायचं. ब्रेकचं काम फिरू न देण्याचं. तिथं घासलंच पाहिजे. घासणं बंद केलंत म्हणजे ब्रेकच काढून ठेवलात की!”

इतकी साधी गोष्ट, पण बासष्टाव्या वर्षी कळली.

मग त्यांनी मला शेजारी बसवून सगळे दाखवले. चाकाबरोबर फिरते ती लोखंडी चकती, तिला डिस्क म्हणतात. तिला दोन्हीकडून चिमट्यासारखा धरणारा जबडा म्हणजे कॅलिपर. जबड्यात दोन पॅड, पॅडवर अस्तर. आपण पेडल दाबले की नळीतल्या तेलाच्या दाबाने आतला दट्ट्या पुढे सरकतो आणि पॅड डिस्कला आवळतात. आमच्या चाकात बाहेरच्या पॅडचे अस्तर निम्मे शिल्लक होते आणि आतले पार झिजून लोखंडाला लोखंड लागले होते. कारण काय? कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या चिखल आणि गंजाने जाम झालेल्या. त्यामुळे आतलाच पॅड राबत राहिला, बाहेरचा आरामात. एकत्र कुटुंबात असे होते ना, तसे.

म्हणजे चाक ओरडत होते ते बरोबरच होते. मी त्याचे तोंड दाबले.

आता तुम्ही म्हणाल, ब्रेक वाजला की दर वेळी मिस्त्रीला बोलावायचे का? तसे नाही. आधी ऐकायला शिका. रात्री पाऊस पडला किंवा गाडी धुतली, की सकाळी डिस्कवर गंजाचा पातळ थर बसतो. पहिले तीन-चार ब्रेक खरखरतात आणि मग गप्प होतात. त्याची चिंता नको. ब्रेक न दाबताही सारखी खरड ऐकू येत असेल, तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत बारीक खडा अडकलेला असू शकतो. आपल्या शिवारातल्या रस्त्यांवर हे फार होते. बारीक, उंच किरकिर होत असेल तर अस्तर संपत आल्याची खूण समजा. काही पॅडना त्यासाठी मुद्दाम पोलादी पट्टी ठेवलेली असते, अस्तर झिजले की ती डिस्कला लागते आणि शीळ घालते. आणि जात्यात खडा यावा तशी घरघर आली, पेडलला पायाखाली ती जाणवली, तर गाडी तिथेच उभी करा. बाजार राहू द्या.

कोणते चाक बोलते हे आत बसून कळत नाही. काचा खाली करून भिंतीच्या कडेने हळू चालवावी, आवाज भिंतीवरून परत येतो. आम्ही शाळेच्या लांब भिंतीशेजारून जातो. मी चालवतो आणि ही बाजूने चालत येते. हिचा कान माझ्यापेक्षा तिखट. गाईच्या रवंथावरून दुखणे ओळखणारी बाई, तिला चाक काय जड?

चाक घरी काढायचे तर घाई करू नका. जागा सपाट आणि टणक हवी. शेणाने सारवलेल्या मऊ अंगणात जॅक रुततो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट थोडे सैल करा, मग उचला. काढलेले चाक गाडीखाली आडवे सारा, शिवाय जाड ओंडका ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातपाय घालू नका. आत काळी भुकटी दिसेल, ती तोंडाने फुंकू नका. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचे, ते छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या. अस्तर तीन मिलिमीटरच्या खाली आले की पॅड बदलायचे, हा आमच्या मिस्त्रींचा नियम. बदलायचे ते दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच, नाहीतर गाडी पुन्हा एका बाजूला ओढणार. कॅलिपर सोडवला तर तारेने वर बांधा, रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका.

वंगण अजिबात नाही असेही नाही. सरकणाऱ्या पिनांना आणि पॅडच्या लोखंडी पाठीला, उष्णता सोसणारे ब्रेकचे ग्रीस, तेही नखावर मावेल एवढे. अस्तराला आणि डिस्कला थेंबही नको. तेल पिऊन बसलेले अस्तर धुऊन, उन्हात घालून सुधारत नाही. माझे चारही पॅड फेकावे लागले. डिस्कवर नखाला लागेल अशी खाच पडली होती. मिस्त्रींनी जाडी मोजली, अजून पुरेशी होती, म्हणून लेथवर घासून चालली.

एक गोष्ट मात्र दोनदा वाचा. नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे दाबावा लागतो. काम झाल्यावर पेडल पहिल्यांदा दाबले की थेट तळाला जाते, कारण दट्ट्या अजून पुढे आलेला नसतो. गाडी सुरू करण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबून ते कडक होऊ द्यायचे. पहिल्यांदा मी स्वतः पॅड बदलले तेव्हा हे विसरलो. बरे, गाडी अजून ओंडक्यावरच होती आणि मिस्त्री समोर उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितले. मग सपाट रस्त्यावर हळूहळू चार-पाचदा थांबवून बघितली, तेव्हा कुठे उतारावर नेली.

पेडल स्पंजासारखे मऊ लागले, ब्रेकचे तेल कमी होऊ लागले, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर मी पाना हातात घेत नाही. ते गॅरेजचे काम. मागच्या ड्रमांनाही मी हात लावत नाही. ब्रेकच्या तेलाच्या डबीत दुसरे कुठलेही तेल घालायचे नाही, आतली रबरे फुगून जातात. ही सूचना मी डबीच्या झाकणाजवळ चिकटपट्टीवर लिहून लावली आहे. लिहिणारा आणि वाचणारा एकच, तरी लावली आहे.

आबा आता राहिले नाहीत. जाण्याआधी वर्षभर ते ओसरीवरून गाडीचा आवाज ऐकून सांगत, “आज बरी हाय” किंवा “डावी बाजू बघ.” वंगणाचे नाव मात्र त्यांनी पुन्हा काढले नाही.

काल मागच्या उजव्या चाकातून हळू उतरताना हुंकारासारखा आवाज येऊ लागला. हिने शाळेच्या भिंतीशी दोनदा ऐकला आणि ड्रममधलाच आहे असे ठरवले. गाडी गोठ्याशेजारी उभी आहे, परवा मिस्त्री येतील. भिलारला जायला निघालेली मंडळी आज सकाळी एस. टी. ने गेली.