खांदा

टेक्सासमधल्या आमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात पेरणीच्या दिवसांत एक शेतकरी आला. पेरलेला मका रानडुकरं रात्रीत उकरून खातात, म्हणून इथले शेतकरी रात्री रायफल घेऊन बसतात. त्यानं रायफल आणि सप्रेसर टेबलावर ठेवले. सप्रेसरच्या पुढच्या टोपणाचं भोक एका बाजूनं उंदरानं कुरतडल्यासारखं झालं होतं. गोळी आतून घासून गेली होती.

“पान्यावर सगळा जोर लावून बसवलाय,” तो म्हणाला. “माउंट तसूभर हलत नाही.”

खरंच हलत नव्हता. घट्ट होता, पण वाकडा होता.

सप्रेसर म्हणजे आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो ते. सिनेमात त्यातून ‘फुस्स’ एवढाच आवाज येतो. प्रत्यक्षात 160 डेसिबलच्या आसपासचा दणका 130 च्या घरात येतो, इतकंच. कान वाचतात, शेजारी मात्र जागा होतोच. हायरम पर्सी मॅक्सिमनं 1909 मध्ये याचं पेटंट घेतलं. मशीनगन शोधणाऱ्या मॅक्सिमचा हा मुलगा. बापानं आवाज वाढवला, पोरानं कमी केला. अमेरिकेत 1934 च्या कायद्यानं यावर 200 डॉलर कर बसवला. 2026 च्या जानेवारीपासून तो शून्य झाला, सरकारी नोंदणी मात्र कायम आहे.

रायफलीच्या नळीच्या तोंडाला आटे असतात. त्यांवर बसवून ठेवायचा तुकडा म्हणजे माउंट. सप्रेसर त्याच्यावर चढतो आणि उतरतो. काम ऐकायला नळाची तोटी बसवण्याइतकं सोपं.

मी मूळचा कोल्हापूरचा टर्नर. शिरोली एमआयडीसीत लेथवर उभा राहायला शिकलो. माझा पहिला जॉब वस्तादांनी बोटानं चाचपला आणि बाजूला टाकला. “आटं नुसतं वढत्यात, लेका. सरळ करतोय त्यो खांदा. खांदा बघ आदी.” आटे संपतात तिथली काटकोनातली सपाट कड म्हणजे खांदा. आट्यांत थोडी ढिलाई ठेवावीच लागते, नाहीतर ते फिरणारच नाहीत. त्यामुळं तुकडा सरळ उभा राहतो तो आट्यांवर नव्हे, खांद्यावर टेकून.

याचा हिशेब मी त्या शेतकऱ्याला कागदावर मांडून दाखवला. खांद्याचा व्यास धरा 18 मिलिमीटर. त्याच्या एका कडेला केसाएवढी, म्हणजे 0.05 मिलिमीटरची, कचरी अडकली. सप्रेसर 180 मिलिमीटर लांब, खांद्याच्या दहापट. मग चूकही दहापट होते, टोकाला अर्धा मिलिमीटर. गोळी 5.7 मिलिमीटरची आणि अनेक सप्रेसरांत तिच्या चहूबाजूंची मोकळीक तेवढीच असते, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एका केसात सगळी संपली.

त्याच्या माउंटखाली केसही नव्हता, चक्क क्रश वॉशर होता. ही दाबली की चुरगळणारी चकती. नळीच्या तोंडाचा साधा फ्लॅश हायडर हव्या त्या दिशेला थांबवायला ती ठीक. पण ती चुरगळते ती सगळीकडून सारखी नाही, आणि तिच्यावर बसलेला माउंट कलतो.

मी माउंट उतरवला. आधी मॅगझिन काढून चेंबरमध्ये बोट घालून पाहिलं. गिऱ्हाईक ‘रिकामी आहे’ म्हणालं तरी हे करायचंच. नळी बॅरल व्हाइसमध्ये धरली. रिसीव्हर पकडून पाना फिरवला तर पीळ भलत्याच जागी बसतो. आट्यांतलं जुनं तेल, काजळी ब्रशनं काढली. मग खांद्यावरून नख फिरवलं. एका जागी अडलं. बारीक बर होती, ती दगडावर हलकेच घासून घालवली. इथं कानस लावायची नाही. एका फटक्यात काटकोन बिघडतो.

या माउंटला ब्रेकची, म्हणजे धक्का कमी करणारी, भोकं होती, म्हणून ती ठरलेल्या दिशेलाच थांबायला हवी होती. त्यासाठी सपाट शिम. एक घातली, कमी पडली; दुसरी पातळ घालून माउंट हातानं फिरवला, खुणेच्या थोडं अलीकडं अडला. तिथून टॉर्क रेंच. बहुतेक पत्रकांत 20 ते 30 फूट-पाउंडांच्या दरम्यानचा आकडा असतो. बनवणाऱ्यानं लिहिलेला पाळायचा, आपल्या दंडाचा नाही. टॉर्क रेंच लावण्याआधी आट्यांवर, ते पक्के धरणाऱ्या रॉकसेटचे दोन थेंब टाकले होते. नेहमीचं निळं थ्रेडलॉकर दीडशे अंशांच्या पुढं हार मानतं आणि सप्रेसर त्याच्या दुप्पट तापतो. रॉकसेट सिरॅमिक जातीचं, उष्णतेला दाद देत नाही. पाण्यात भिजत ठेवलं की मात्र सुटतं. खांद्यावर थेंबही नको. तो वाळला की कचरीच.

दुसऱ्या दिवशी रॉकसेट वाळला होता. सप्रेसर दुरुस्तीला गेला होता, तो परत आल्यावर चढवला आणि घासून सरळ केलेली पोलादी सळी नळीतून घातली. भोकात ती कुठं दिसते ते शेतकऱ्याला पाहायला सांगितलं. त्यानं चष्मा वर केला, रायफल फिरवून चारी बाजूंनी पाहिलं.

“मधोमध आहे,” तो म्हणाला.

आमच्या दुकानात सळी मधोमध दिसल्याशिवाय रायफल परत जात नाही. हे पाहायला दोन मिनिटं लागतात. त्याच्याकडं ती सळी असती, तर टोपण वाचलं असतं.