भामरागडच्या वाटेवर

महाराष्ट्राच्या नकाशांत अगदीं पूर्वेच्या टोकास, इंद्रावती नदीच्या कांठीं, भामरागड हें नांव बारीक अक्षरांत आढळतें. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा येथें संगम होतो आणि पलीकडच्या तीरापासून छत्तीसगड सुरू होतें. जुन्या चांदा जिल्ह्यांतील एका जमीनदारीचें हें नांव. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्हा विभागून गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हांपासून हा मुलूख त्या जिल्ह्यांत मोडतो. आपल्या सुशिक्षित घरांतून मात्र भामरागडपेक्षां त्याच्या थोडें अलीकडचें हेमलकसा अधिक परिचयाचें. २३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमटे यांनीं तेथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्यानें वीज नाहीं, रस्ता नाहीं अशा त्या अरण्यांत माडिया लोकांसाठीं दवाखाना मांडला. २००८ सालीं उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हां आमच्या घरीं वडीलधाऱ्या मंडळींनीं ती बातमी मुलांकडून मोठ्यानें वाचून घेतली होती. हेमलकसा पाहून यावें, ही इच्छा तेव्हांपासूनची.

ती पुरी होण्यास गतवर्षींचा दसरा उजाडला. चंद्रपुराहून एस.टी.नें जावें असा आईचा आग्रह; परंतु माझ्या धाकट्या पुतण्यानें थोरल्या बंधूंची बुलेट काढण्याचा हट्ट धरला. ही गाडी त्यांनीं १९८६ सालीं घेतलेली. घरांतील दोन पिढ्या तिच्यावर बसून शाळेंत गेल्या आहेत. बंधूंनीं फार आढेवेढे न घेतां किल्ली दिली. मात्र पाने, पेचकस, एक जादा प्लग आणि एक रिकामी काचेची बाटली असें गांठोडें बरोबर बांधलें. बाटली कशाला, असें पुतण्यानें विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "असूं दे. गाडी जुनी आहे आणि पेट्रोल नवें आहे." वहिनींनीं दशम्या व लिंबाचें लोणचें दिलें, आणि आम्ही निघालों.

बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी अशी ती वाट. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली कीं अरण्याचा वारा लागतो. आलापल्लीचे साग पाहून मान मागें टाकावी लागते. तेथील कांहीं जुनें वन मुद्दाम न तोडतां राखलेलें आहे, तें पाहण्यास अर्धा दिवस हाताशीं ठेवावा. आमच्याजवळ तो नव्हता. आलापल्लीपासून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर, आणि या टप्प्यांत मोटारसायकल बिघडली तर मिस्त्री मिळेलच असें धरून चालतां येत नाहीं. वाटेंत पेरमिली, मग ताडगांव. बाकी साग, ऐन, मोह आणि बांबूचीं बेटें. मोबाइलच्या पडद्यावरील रेघा एकामागून एक नाहींशा होतात.

पेरमिली मागें पडल्यावर कांहीं वेळानें गाडी खोकूं लागली. सपाटीवर हळू चालवावी तों ठीक. चढ आला, रेस वाढविली, कीं गुदमरल्यासारखें करी आणि धक्के देई. शेवटीं एका चढाच्या मध्यावर ती उभी राहिली.

गृहिणींनाहि कंटाळा येऊं नये अशा बेतानें येथें कार्ब्युरेटर या वस्तूविषयीं चार शब्द सांगतों. अत्तराचा फवारा आपण पाहिलेला असतो. नळीच्या तोंडावरून वारा जोरानें गेला कीं तेथील दाब कमी होतो आणि खालच्या कुपींतील अत्तर आपोआप वर चढून वाऱ्यांत मिसळतें. मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर म्हणजे नेमका हाच फवारा. इंजिन हवा ओढतें, हवा अरुंद गळ्यांतून धांवते, आणि खालच्या वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांच्या पितळी तोट्यांमधून, म्हणजे जेटमधून, वर खेंचलें जातें. वजनानें पेट्रोलच्या एका भागास हवेचे पंधराच्या आसपास भाग, एवढें तिचें प्रमाण. वाटींतील पातळी कायम राखण्यास घरच्या पाण्याच्या टाकींत असतो तसा एक तरंगता गोळा असतो. जेट मुख्यतः दोन: गाडी उभी असतांना मंद चालीपुरतें पेट्रोल देणारा पायलट जेट आणि रेस दिल्यावर काम करणारा मोठा जेट. पायलट जेटचें छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनहि बारीक. धुळीचा एक कण तेथें धरणाचें काम करतो. म्हणून गाडी कोणत्या वेळीं बंद पडते, हें नीट पाहिलें तर दोष कोठें आहे तें बहुधा न खोलतां कळतें. वैद्य नाडी पाहतो, तसाच हा प्रकार आहे.

आमची गाडी मंद चालीवर ठीक आणि रेस देतांच गुदमरे. म्हणजे पायलट जेट निर्दोष. मोठ्या वाटेनें पेट्रोल पुरें येत नव्हतें, किंवा जें येत होतें तें पेट्रोल नव्हतें. प्रथम टाकीचें झांकण उघडलें. त्यांतील हवेचें बारीक भोंक चिखलानें बुजलें, तर टाकींत निर्वात होऊन पेट्रोल उतरत नाहीं. उघडतांच फुस्स असा आवाज येतो. तसा आवाज आला नाहीं. मग चोक ओढून पाहिला. चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर मिश्रणांत पेट्रोल कमी पडत आहे असें समजावें. ती किंचितहि सुधारली नाहीं. प्लग काढला, तो ओला. पण बोटांना पेट्रोलचा तो झटकन् उडून जाणारा गारवा लागेना. इंजिन निवूं दिलें, कारण तापल्या इंजिनावर पेट्रोल सांडणें म्हणजे सरणाची तयारी. नंतर कार्ब्युरेटरची वाटी सोडविली. तळाशीं पाऱ्यासारखे गोल थेंब इकडून तिकडे पळत होते. तें पाणी होतें.

आतां बंधूंच्या बाटलीचा अर्थ कळला. टाकीची नळी सोडून, कॉक उघडून, तळचें अर्धा-पाऊण लिटर बाटलींत घेतलें व ती दगडावर ठेवली. थोड्याच वेळांत खालीं एक गढूळ थर आणि वर स्वच्छ पेट्रोल, असे दोन मजले झाले. पाणी पेट्रोलपेक्षां जड. तें नेहमीं तळ गांठतें, आणि कॉकहि तळाशींच.

तें आलें कोठून, याचा तर्क सोपा आहे. आपल्या देशांत पेट्रोलमध्यें उसाच्या मळीपासून व धान्यापासून केलेलें इथेनॉल मिसळतात. हें प्रमाण २०२२ सालीं दहा टक्क्यांस आणि २०२५ सालीं वीस टक्क्यांस पोंचलें. परदेशी तेलाचा खर्च वांचतो व साखरधंद्यास आधार मिळतो, हें खरें. परंतु इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. ओल एका मर्यादेपलीकडे गेली, कीं पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व खालीं बसतात. शिवाय जुन्या टाकींतील गंज आणि राळेसारखा सांचलेला थर तें सोडवितें, तो जेटपर्यंत येतो. जुन्या रबरी चकत्याहि त्यानें फुगतात. चार महिन्यांचा पावसाळा उभ्यानें काढलेल्या जुन्या गाडीस हें सारें भोंवावें, यांत नवल नाहीं. अशा गाडीची टाकी पावसाळ्यांत अर्धी ठेवूं नये. रिकाम्या जागेंतील दमट हवा रात्रीं गार होते आणि तिचें पाणी होतें.

वाटी पुसून जोडीत होतों, इतक्यांत मागून एक जुनी शंभर सीसीची गाडी आली. पुढें विशीचा एक माडिया तरुण, मागें त्याची बहीण, आणि दोघांच्यामध्यें टॉवेलांत गुंडाळलेला पांच-सहा वर्षांचा मुलगा. आमची पसरलेली अवजारें चुकविण्यास त्यानें वेग कमी केला मात्र, त्याची गाडी बंद पडली. त्यानें "जोहार" म्हटलें आणि मग किक मारण्यास आरंभ केला. वीस-पंचवीस किका झाल्या. तो आश्रमशाळेंत शिकलेला असल्यानें मराठी चांगलें बोले. म्हणाला, "भाचा आहे, भाऊ. तीन दिवस ताप आहे, थंडी वाजून येतो. हेमलकशाला नेतों आहे. रेस सोडली कीं गाडी मरते, म्हणून घरापासून रेस सोडलीच नव्हती."

एकाच रस्त्यावर दोन गाड्या आणि दोषहि एकमेकांच्या उलट. त्याचा मोठा जेट निर्मळ आणि पायलट जेट बुजलेला. असा दोष असला कीं तापलेली गाडीहि पुन्हां सुरू होण्यास फार छळते. कार्ब्युरेटर खोलणें भाग होतें; त्यांत अर्धा-पाऊण तास सहज जाणार. मुलाचे डोळे अर्धवट मिटलेले. कपाळास हात लावला, तो चटका बसला. आश्विन-कार्तिकांत या जंगलांतील थंडीवाजून येणाऱ्या तापास काय म्हणतात, हें त्याच्या आईला कोणी सांगावयास नको होतें. मलेरियाचा एक प्रकार थेट मेंदूवर जातो. त्यांत अर्धा तासहि थोडा नव्हे.

आमची गाडी जोडून झाली होती. परंतु टाकींतील सगळें पाणी निघालें कीं थोडें राहिलें, हें चालविल्याखेरीज कळणार नव्हतें. मामानें बाटलीकडे पाहिलें, उरलेलें आणखी थोडें पेट्रोल काढून उजेडांत धरलें, आणि त्यांत थर दिसेना तेव्हां बहिणीशीं माडियांत दोन वाक्यें बोलला. ती मुलाला घेऊन बुलेटवर माझ्यामागें बसली. पुतण्यानें मामाजवळ थांबावें असें ठरलें, ठरलें म्हणजे तो आपण होऊनच म्हणाला, "काका, तुम्ही निघा."

पुढचा रस्ता किती लांब होता, हें मला आज नीट सांगतां येणार नाहीं. रेस अर्ध्याहून अधिक वाढविली नाहीं. थोड्या ओढीवर वाटींतील उरलासुरला थेंब जेटपर्यंत चढत नाहीं, एवढीच त्यामागील युक्ति. ताडगांव गेलें. एका चढावर इंजिन एकदां खोकलें. मागून ती बाई एकच शब्द बोलली. तो मला कळला नाहीं, आणि उत्तर देण्यासारखें माझ्याजवळ कांहीं नव्हतें. रेस सोडली, पुन्हां हळूच दिली, गाडीनें दम धरला. त्या मुलाचें तोंड माझ्या पाठीला लागलें होतें व सदऱ्यांतून त्याचा ऊष्ण श्वास जाणवत होता. तो जाणवत राहावा, एवढेंच त्या वेळीं मनांत होतें.

१९७३ नंतरच्या पहिल्या वर्षांत याच वाटांनीं रोगी खाटेवर घालून, खांद्यावर वाहून आणीत. पावसाळ्यांत तर तेंहि अशक्य होई. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा संबंध तुटल्याच्या बातम्या तर त्यानंतरहि वर्षानुवर्षें येत राहिल्या आहेत. आज खाटेची जागा बहुतेक ठिकाणीं मोटारसायकलीनें घेतली आहे. शहरांतला मनुष्य जिला हौस म्हणतो, ती येथें डोली आहे, बाजाराची गाडी आहे, आणि पुष्कळ वेळां रुग्णवाहिकाहि. नव्या गाड्यांतून २०२० सालापासून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. त्यांच्या जागीं विजेनें मोजून पेट्रोल देणारी यंत्रणा आली. ती क्वचितच बिघडते, हें मान्य. परंतु बिघडली तर रस्त्याच्या कडेला दगडावर ठेवून ती कोणी दुरुस्त करूं शकत नाहीं.

हेमलकशाच्या दवाखान्यांत मुलाच्या बोटांतून रक्ताचा थेंब घेतला. मलेरियाच निघाला. औषध सुरू झालें. आई खाटेशेजारीं जमिनीवर बसली. मीं दशम्यांचा डबा तिच्यापुढें ठेवला, तो तिनें तसाच जवळ ओढून घेतला.

दीड तासानें मामा व पुतण्या आले. पायलट जेटच्या छिद्रांत पुतण्या टांचणी घालणार होता. मामानें त्याचा हात धरला. पितळ मऊ, पोलादी टोंकानें छिद्र रुंदावतें आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पीत राहते. त्यानें आपल्या अवजारांच्या पिशवींतून गांवच्या डुकराचा एक राठ केस काढला, तो छिद्रांतून ओवला, आणि मागून तोंडानें फुंकर मारली. हा केस तो याच कामासाठीं जपून ठेवतो. घरीं आजीपुढें हें सांगावयाचें कीं नाहीं, या विचारांत पुतण्या येतांना सारी वाट होता असें दिसलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मामानेंच आम्हांला पर्लकोटेचा पूल ओलांडून भामरागडास नेलें व संगम दाखविला. पूर ओसरून बरेच दिवस झाले होते. तरी तीन पाण्यांचे तीन रंग बरेंच अंतर वेगळे दिसत होते. परत दवाखान्याशीं आलों, तों मुलाचा ताप उतरला होता आणि तो आईच्या मांडीवर बसून पेज पीत होता. मामानें गाडी खिडकीखालीं आणून उभी केली. ती मंद चालीवर एकसारखी चालली होती. त्यानें किल्ली फिरवून ती मुद्दाम बंद केली, खिडकींतून पाहणाऱ्या भाच्याला बोटानें थांब अशी खूण केली, आणि पहिल्याच किकला ती पुन्हां सुरू झाली.